दाराआडची, दुर्वास आणि हारवाली

मराठी मालिकेतल्या घरात राहायची वेळ आली ना, तर एक नियम पाळायचा. महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर सरळ बंगल्याबाहेर पडायचं, रिक्षा करायची आणि चालत्या रिक्षात बोलायचं. कारण घरात बोललात की संपलं, दाराआड कोणीतरी उभं असणारच. दार नसेल तर पडद्याआड, पडदा नसेल तर जिन्याखाली, तेही नसेल तर खांबाला हात टेकून, चेहरा कॅमेऱ्याकडे आणि पाठ बोलणाऱ्यांकडे. हातात ट्रे. ट्रेमध्ये चहा. तो चहा शेवटी कोणी प्यायलाय असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आमच्याकडे हिला "दाराआडची" म्हणतात. नाव आईनं ठेवलं. गंमत म्हणजे ऐकणारी व्यक्ती कोण आहे याच्याशी त्या नावाचा काही संबंधच नाही. कधी खलनायिका असते, कधी बिचारी नायिका, कधी आजेसासूबाई, एकदा तर चांगला सहा फुटी नायक दाराला कान लावून उभा होता तरी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आली बघ दाराआडची." तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आई माणसाला नाव देतच नाहीये, ती कामाला नाव देतेय.

मग काय, घरात चटकच लागली. आत्या आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, धाकटी बहीण नाशिकला, पण साडेआठच्या मालिकेला तिघींचे मेसेज चालू. नायिका तोंड उघडते आणि नेमका फोन वाजतो ते "सांगणारच होते". गाडी घाटातून खाली जाते आणि पोलीस म्हणतात शोध चालू आहे, ते "बॉडी मिळाली नाही", म्हणजे तो माणूस परत येणार हे लिहून घ्या. देवघरातलं निरांजन विझतं त्याला आत्यानं "हवामान खातं" असं नाव दिलंय. न वाचता सही केलेले इस्टेटीचे पेपर म्हणजे नुसतं "कागद". एवढा शिकलेला नायक, परदेशातून एमबीए करून आलेला, बायकोनं पुढे केलेल्या फाइलवर पेन काढून सही करतो, वाचत नाही, फक्त तिच्या डोळ्यात बघतो.

पण खरी श्रीमंती दाराआडचीमध्येच आहे, त्यामुळे जरा तिथेच थांबते. नीट बघितलं तर तिचे दोन प्रकार पडतात. खोलीत नायक मित्राला सांगत असतो, "मी तिला कधीच मनापासून बायको मानलं नाही..." आणि इथे बाहेर ट्रे हलतो, कपबशा किणकिणतात, नायिका तोंडाला पदर लावून पळत सुटते. आत तो वाक्य पूर्ण करतो, "...असं मला इतके दिवस वाटायचं, पण आज कळलं की तिच्याशिवाय माझं पानही हलत नाही." हे ऐकायला बाहेर कोणी नाही. आता हीच खोली, हाच नायक, हेच वाक्य, फक्त बाहेर काकू उभी आहे असं समजा. ती पूर्ण ऐकणार, शेवटच्या शब्दापर्यंत, वर एक भुवई उचलणार. चांगल्या माणसांना अर्धं ऐकू येतं आणि वाईट माणसांना पूर्ण, यात आजवर मला अपवाद सापडलेला नाही. आणि विचार केला तर ते बरोबरच आहे की, नायिकेनं पूर्ण ऐकलं तर गैरसमज होणार नाही आणि काकूनं अर्धं ऐकलं तर कारस्थान होणार नाही, दोन्हीकडून गोष्ट बंद.

आणि गोष्ट बंद पडून चालत नाही. आठवड्याचे सहा दिवस, कधी सातही, रोज अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता बावीसएक मिनिटं भरायची, हातात बँकेतले, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, एपिसोड मोजकेच, चॅनलला रोज शेवटी उत्सुकता ताणणारा हुक हवा आणि हुकनंतर प्रीकॅप, म्हणजे उद्याच्या भागाची झलक हवी. "चार दिवस सासूचे" २००१ ला सुरू झाली ती २०१३ ला संपली, ३००० च्या वर एपिसोड. तेवढ्या एपिसोडना पुरेल इतकी माहिती कुठल्याच कुटुंबात नसते हो. मग आहे तीच माहिती एकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकवायची. कोणाला माहितेय, कोणाला माहीत नाही, कोणाला चुकीचं माहितेय, एवढ्यावर महिनेच्या महिने निघतात. त्यात आउटडोअर शूटिंग महाग, पाऊस, परवानग्या, गर्दी, त्यामुळे सगळं एकाच सेटवर, आणि त्या सेटला दारं भरपूर, जिना हॉलच्या मध्यभागी. मला तर वाटतं सेट डिझाइन करणाऱ्याला सांगतच असतील की बाबा, ऐकायला जागा ठेव. गौप्यस्फोट झाल्यावर कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा जातो ना, ढँण ढँण ढँण, तोही त्याच हिशोबातला. आठ माणसं हॉलमध्ये उभी असतील तर दीड मिनिट असंच जातं.

आता कोणी म्हणेल की हे सगळं टीआरपीच्या जमान्यातलं, पूर्वी असं नव्हतं. मुळीच नाही! संस्कृत नाटकात एक जागा अशी आहे की वाचताना मला बॅकग्राउंडला ढँण ऐकू आलं. भट्टनारायणाचं वेणीसंहार, दुसरा अंक. बाहेर वादळ सुटलंय, दुर्योधन भानुमतीला म्हणतोय की तुला बसायला माझी ही मांडी आहे ना, आणि तेवढ्यात कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा म्हातारा सेवक, धावत आत येतो, "महाराज, मोडली, मोडली!" कोणी मोडली? "भीमानं." कोणाची? "आपलीच." मग खुलासा होतो की भीम म्हणजे भयंकर वारा आणि मोडली ती रथावरची ध्वजाची काठी. पण बघणाऱ्याला भीमाची मांडी फोडण्याची प्रतिज्ञा माहीत आहे, त्यामुळे त्याच्या पोटात खड्डा पडायचा तो पडतोच.

आणि याला नाव आहे बरं का. धनंजयाच्या दशरूपक या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात, म्हणजे दहाव्या शतकात, याला "गण्ड" म्हटलंय, चालू बोलण्याला जाऊन चिकटणारं पण खरं तर वेगळ्याच गोष्टीबद्दलचं वाक्य अचानक मध्येच येऊन पडणं. त्यावरच्या धनिकाच्या टीकेत उदाहरण भवभूतीच्या उत्तररामचरित नाटकातलं दिलंय. राम झोपलेल्या सीतेकडे बघत म्हणतो की हिचं सगळंच प्रिय आहे, असह्य होईल तो फक्त विरह, आणि त्याच क्षणी प्रतीहारी, म्हणजे द्वारपालिका, येऊन म्हणते, "देव, आला आहे." कोण, तर रामाचा हेर दुर्मुख. आणि दुर्मुख सीतेबद्दल लोक काय बोलतात ती बातमी घेऊन आलाय, म्हणजे विरहच, हे आपल्याला माहितेय. म्हणजे नायक म्हणतो, "आता आपल्या सुखाच्या आड कोणी येणार नाही" आणि बेल वाजते, दारात पहिली बायको, हे हजार वर्षांपूर्वीच कोणीतरी ओळखून, नाव देऊन, उदाहरणासकट नोंदवून ठेवलंय. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? तेव्हाही लोकांना घरी जाऊ द्यायचं नसेलच ना." शंभर टक्के पटलं.

कामाला नाव द्यायचं, माणसाला नाही, हे आईचं तत्त्व रशियात लोककथांचे अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली पुस्तकातच मांडलंय. त्यांनी १०० रशियन परीकथा घेतल्या आणि म्हणाले की कोण करतं ते बाजूला ठेवा, काय केलं जातं ते बघा. एका गोष्टीत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो, दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत जादूगार होडी देतो, चौथीत राजकन्या अंगठी देते आणि अंगठीतून निघालेले तरुण त्याला पोचवतात. देणारा बदलला, वस्तू बदलली, काम तेच. अशी कामं त्यांनी ३१ मोजली, आणि ती एका ठरावीक क्रमानंच येतात असं त्यांचं म्हणणं. सगळी प्रत्येक गोष्टीत नसतात, पण जी असतात ती क्रम सोडत नाहीत.

मी ती यादी काढून मालिकेला लावून बघितली, एका रविवारी, महाएपिसोड चालू असताना. घरातलं कोणीतरी बाहेर जातं, अमुक करू नकोस म्हणून बजावतात, ते नेमकं केलं जातं, खलनायक माहिती काढतो, फसवतो, सगळं धडाधड जुळत होतं. ओळख लपवून परत येणं, तोतयानं हक्क सांगणं, खऱ्याची ओळख पटणं, खोट्याचं पितळ उघडं पडणं, हेही आहेच. पण घोळ कुठे झाला सांगू? प्रॉपच्या यादीत एकतिसावं आणि शेवटचं काम म्हणजे लग्न. राजकन्या मिळाली, राज्य मिळालं, गोष्ट खतम. आपल्याकडे लग्न सुरुवातीच्या काही महिन्यांतच उरकतं, तेही बहुतेक वेळा चुकीच्या माणसाशी किंवा मांडवात ऐनवेळी नवरा बदलून, आणि खरी गोष्ट सुरू होते ती माप ओलांडल्यावर. रशियन मुलगा घर सोडून जंगलात जातो तशी आपली नायिका सासरी जाते. राक्षसही तिथेच, मदत करणारी म्हातारीही तिथेच, अवघड परीक्षाही तिथेच, फक्त परीक्षा म्हणजे शंभर माणसांचा स्वयंपाक एकटीनं आणि मिठाच्या डब्यात कोणीतरी साखर घातलेली.

एकदा कामावर बोट ठेवलं की नाव पण चांगलं सुचतं. स्मरणशक्ती जाण्याचंच बघा. डोक्याला मार लागतो, पांढरी पट्टी, पट्टीवर लाल ठिपका, डोळे उघडतात आणि "आपण कोण?" आम्ही सुरुवातीला याला "पट्टी" म्हणायचो. ते फारसं बरं नाव नव्हतं, कारण त्यातून फक्त काय दिसतं ते कळतं. मग बहिणीनं "दुर्वास" काढलं. आणि ते इतकं चपखल आहे की मला हेवा वाटला.

कारण असं की महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते आणि राजाला सगळं आठवत असतं, तरी तो म्हणतो मला आठवत नाही. सरळ खोटं बोलतो. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कबूल करतो, वर सांगतो की लोकांनी शंका घेतली असती म्हणून असं केलं. आता असा नायक घेऊन शृंगाराचं नाटक कसं करणार? कालिदासानं दुर्वासाला आणलं, शाप दिला, आणि राजाची आठवणच पुसून टाकली. झालं. राजा निर्दोष, शकुंतला निर्दोष, दोष एका तापट ऋषीचा, जो एक शाप देऊन निघून जातो. आणि तो शाप शकुंतलेला ऐकूच येत नाही, ऐकतात कोण, तर मैत्रिणी. दाराआडच्याच की त्या एका अर्थी.

तर मालिकेतल्या डोक्याच्या माराचं काम हेच. नायकानं बायकोला घराबाहेर काढायचंय, दुसरीशी साखरपुडा करायचाय, पण प्रेक्षकांच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मनातून उतरायचं नाहीये. मग दुर्वास. सहा महिने काय वाट्टेल ते वागू दे, आठवण परत आली की आई लगेच माफ करते. आता हे नाव हाताशी आलं की प्रश्नही नेमका विचारता येतो, स्मृती गेली का हा नाही, तर कोणाचा गुन्हा धुतला जातोय हा.

याचाच पुढे आम्हाला उपयोगही झाला. मध्ये एका मालिकेत आजोबांना विसरायला व्हायला लागलं. बहिणीनं लगेच मेसेज टाकला, "दुर्वास!!" आत्या म्हणाली थांब जरा. आजोबांनी कोणाचं काही वाईट केलेलं नव्हतं, धुवायला काही नव्हतंच. ते रोज संध्याकाळी चपला घालून जुन्या ऑफिसला निघायचे आणि सून रोज त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन "आज सुट्टी आहे हो बाबा" म्हणून परत आणायची, बस एवढंच. ढँण नाही, काही नाही. तो दुर्वास नव्हता, आणि नाव नीट ठरलेलं होतं म्हणून तो नाहीये हे कळलं. तो ट्रॅक लवकर गुंडाळला अर्थात. गुरुवारी टीआरपी आला असणार.

हे सगळ्यांनाच जमतं असं नाही. अमेरिकेत नेथन रॅबिन नावाच्या समीक्षकानं २००७ साली "मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल" हे नाव काढलं, उदास हिरोला जगायला शिकवण्यापुरतीच पडद्यावर येणारी, स्वतःचं काही म्हणणं नसलेली अल्लड मुलगी. नाव इतकं चाललं की कुठलीही हसरी, जरा वेगळे कपडे घालणारी नायिका दिसली की लोक तेच चिकटवायला लागले. २०१४ मध्ये त्यानं स्वतःच लिहिलं की हे नाव काढल्याबद्दल मला माफ करा. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं पण दोष थोडा नावाचाही आहे, त्यात ती कशी दिसते तेच जास्त भरलंय आणि तिला कशाला आणलंय ते मागे पडलंय. आमच्या "पट्टी"सारखंच.

उलट कॉमिक्स-लेखिका गेल सिमोन यांचं घ्या. १९९४ च्या ग्रीन लँटर्न या सुपरहिरो कॉमिकच्या एका अंकात हिरो घरी येतो तर खलनायकानं त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं. १९९९ मध्ये सिमोन यांनी कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली, मारलेल्या, जखमी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या, आणि त्या यादीचं नावच फ्रिजवरून ठेवलं. नाव भडक आहे, पण तिचा जीव कशासाठी गेला हे त्यातून बरोब्बर कळतं, हिरोला राग यावा म्हणून. आणि नाव मिळालं की मोजता येतं. त्याआधी प्रत्येक वाचकाला वाटत असणार की हे एवढ्या एका गोष्टीतच झालंय.

आमची फ्रिजवाली म्हणजे हारवाली. हॉलमध्ये भिंतीवर फोटो, चंदनाचा हार, खाली समई. नायकाची पहिली बायको. नायक रात्री फोटोसमोर उभा राहून बोलतो, नायिका ते ऐकते (दाराआडून, हो), आणि हा माणूस वरून कठोर असला तरी आतून हळवा आहे हे तिला आणि आपल्याला कळतं. हे झालं की हारवालीचं काम संपलं. ती काय शिकली होती, नोकरी करायची का, तिचे आईवडील नातवंडांना भेटायला कधी येतात का, काही विचारू नका. आईला हे नाव आधी आवडलं नव्हतं, गेलेल्या माणसाला असं म्हणू नये म्हणाली. मग काही दिवसांनी तीच म्हणाली, "अगं, हिला माहेरच नाहीये का?" हारवाली मालिकेत परत येऊ शकते, पण फक्त बॉडी मिळाली नसेल तर, आणि तशी आली तर ती वाईटच निघते. फोटोत होती तोवर देवी होती.

हे सगळं आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमध्ये जास्त नेटकं आहे हे मात्र सांगायलाच हवं. जिवतीची कहाणी आठवा. राणीला मूल नाही, ती सुईणीला फितवते, गरीब ब्राह्मणबाईचा मुलगा पळवला जातो आणि बाईला सांगतात की तुला वरवंटा झाला. वरवंटा! हॉस्पिटलमधल्या बाळांच्या अदलाबदलीत तरी निदान बाळाच्या बदल्यात बाळ असतं. मग मुलगा राजपुत्र म्हणून मोठा होतो, खरी आई दर शुक्रवारी अक्षता टाकून म्हणते जिथे माझं बाळ असेल तिथे खुशाल असो, आणि शेवटी तो गावजेवण घालतो, भरल्या पंगतीत आईला पान्हा फुटतो आणि दुधाच्या धारा थेट त्याच्या तोंडात. ओळख पटली. लॉकेट नाही, जन्मखूण नाही, डीएनए रिपोर्ट बदलायला लॅबमधला माणूस फोडणं नाही. स्टिथ थॉम्प्सन यांनी जगभरच्या लोककथांमधल्या अशा तुकड्यांची सहा खंडांची सूची केली आहे, त्यात ओळख पटण्याच्या खुणा एच या अक्षराखाली येतात, आणि पान्ह्यावरून मुलगा ओळखणं हेही तिथे नोंदवलेलं आहे. म्हणजे एवढी विचित्र गोष्टसुद्धा एकट्या आपल्याकडची म्हणून सोडून दिलेली नाही.

या जिवतीमुळेच आमचा एक जुना वाद मिटला. नायिकेला काकूविरुद्ध पुरावा मिळतो. मोबाइलवर व्हिडिओ, स्वच्छ आवाज, काकू कबुली देतेय. आणि ही बाई काय करते, तर काकूच्याच तोंडावर सांगते, "उद्या पूजेला सगळे जमतील, तेव्हा सगळ्यांसमोर हे दाखवणार." रात्रीत फोन गायब. बहीण दर वेळी ओरडते की अगं फॉरवर्ड कर ना बाई, फॅमिली ग्रुप नाहीये का तुमचा, एवढा मोठा बंगला आहे! तिनं नावही तेच ठेवलं होतं, "फॉरवर्ड कर". आत्याचं मत होतं की नायिकेला मुद्दाम बिनडोक दाखवतात म्हणजे आणखी एक आठवडा निघतो.

आई म्हणाली दोन्ही नाही. फॉरवर्ड केलं तर प्रत्येकजण आपापल्या खोलीत बघेल, कोणी अंथरुणात, कोणी ऑफिसला जाताना, कोणी म्युटवर, आणि मग काय, निळ्या टिका? पितळ उघडं पडायचं तर चारचौघांत पडलं पाहिजे, ज्यांच्यासमोर नायिकेला चोर म्हटलं त्यांच्याच समोर. वरवंटा झाला हे गावानं ऐकलं होतं, म्हणून पान्हाही गावजेवणातच फुटला. नाव लगेच ठरलं, पंगत.

सध्या साडेआठच्या मालिकेत पंगतच मांडलेली आहे. पुराव्याचा पेनड्राइव्ह काकूकडे, नायिकेनं कॉपी ठेवलेली नाही, आणि पूजेच्या प्रसादात काहीतरी मिसळलंय असं प्रीकॅपमध्ये दिसतंय. बहीण म्हणते नायक तो प्रसाद खाणार आणि जिन्यावरून पडणार, म्हणजे थेट दुर्वास. आत्या म्हणते एवढ्यात नाही, त्या नटाची दुसरीकडे शूटिंगची डेट असेल तरच.